मुद्दाम पाडलेली चेन

सायकलची चेन पडणे हा प्रकार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. नेमका उशीर झालेला असतो, पेडल एकदम हलके होऊन गरगरा फिरू लागते आणि चेन लोंबकळताना दिसते. मग सायकल उलटी करायची, चेन दात्यांवर बसवायची आणि काळे हात घेऊन पुढे जायचे. ह्या लेखाचा विषय मात्र चेन मुद्दाम पाडणारे एक यंत्र हा आहे. आगगाडी रुळावरून घसरते त्या क्रियेला फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, त्यावरूनच ह्या यंत्राला नाव मिळाले. इंग्रजीच्या मार्गाने ते आपल्याकडे डिरेलर म्हणून आले. चालत्या सायकलची चेन एका दातेरी चक्रावरून घसरवायची आणि शेजारच्या चक्रावर चढवायची, एवढेच त्याचे काम.

गिअरच्या सायकली आता बहुतेक शाळांच्या सायकलतळावर दिसतात. त्यांच्याबाबत एक अडचण हमखास येते. हँडलवरचा खटका मोडतो, दुकानदार दुसऱ्या कंपनीचा बसवतो आणि गिअर नीट पडेनासे होतात. कधी चेन दोन चक्रांच्या मध्ये कुरकुरत राहते, कधी एकदम दोन चक्रे ओलांडते. दुकानदार म्हणतो, "हा ह्याला चालत नाही." का चालत नाही, हे मात्र तोही सांगू शकत नाही. दोन्ही वस्तू नव्या आहेत, दोन्ही उत्तम बनावटीच्या आहेत, केबलही तीच आहे. मग अडते कुठे?

गावातल्या गावात फिरणाऱ्याला हा प्रश्न फारसा जाचत नाही. सायकलवर सामान लादून महिनोन्‌महिने प्रवास करणाऱ्याला तो फार जाचतो, कारण ओळखीचे दुकान त्याच्यापासून शेकडो किलोमीटर दूर असते. अशा प्रवासाची परंपरा आपल्याला परकी नाही. मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ साली सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. अशा प्रवासी सायकलीला गिअरचे कोणते भाग एकमेकांशी जुळतील, ह्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला करता येईल असे गणितही आहे.

गिअर मुळात कशासाठी?

सर्वांत जुन्या उंच सायकलींना चेन नव्हती. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले असे, म्हणून पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा असेल तर चाक मोठे करायचे, दुसरा उपाय नव्हता. त्यामुळे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत पोचले. ५४ इंच व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.३ मीटर अंतर काटते. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केंप स्टार्ली ह्यांनी रोव्हर नावाची सायकल बाजारात आणली. तिच्यात पेडलपाशी मोठे दातेरी चक्र, मागच्या चाकाला लहान दातेरी चक्र आणि दोहोंमध्ये चेन अशी रचना होती. चाके लहान झाली, पडण्याची भीती कमी झाली. शिवाय पेडलच्या एका फेऱ्यात चाकाने किती फेरे घ्यायचे, हे आता चाकाच्या आकारावर अवलंबून न राहता दात्यांच्या गुणोत्तरावर ठरू लागले. गुणोत्तर बदलता आले की झाले.

ते बदलायचे कशासाठी, हे आकड्यांतच पाहू या. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीचे दाते मोजून पाहा. समजा पुढे ४४ आणि मागे १८ निघाले, आणि चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर आहे. तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ ५.४ मीटर पुढे जाते. आता शंभर मीटरला सहा मीटर चढ असलेला घाट घ्या. सायकल, सामान आणि स्वार मिळून वजन १०० किलो धरा. पेडल मिनिटाला अगदी तीसच फेरे मारले तरी वेग ताशी साडेनऊ किलोमीटरच्या वर जातो आणि केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १६० वॉट शक्ती लागते. साधा निरोगी माणूस तासभर टिकवू शकतो ती शक्ती शंभर वॉटच्या आसपास असते. मिनिटाला तीसपेक्षा कमी फेरे मारून हा आकडा कमी करता येईल, पण तेव्हा प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर येणारा ताण असह्य असतो, म्हणून आपण उतरतो आणि सायकल ढकलतो. गिअरने शक्ती वाढत नाही. आहे ती शक्ती पायाला सोसेल अशा बळाने आणि अशा फेऱ्यांनी खर्च करायची सोय तेवढी होते. ही गोष्ट वर्गात जरूर स्पष्ट करावी, कारण गिअर टाकला की जोर वाढतो अशी समजूत मोठ्यांतही आढळते.

ही गरज पहिल्यांदा नीट ओळखली ती शर्यतवाल्यांनी नव्हे, तर प्रवाशांनी. फ्रान्समधले सँ-एत्येन हे बंदुका, रेशमी फिती आणि सायकली बनवणारे डोंगराळ भागातले कारखानदारीचे शहर. तेथे पॉल द व्हिव्ही (१८५३ ते १९३०) नावाचे गृहस्थ होते. रेशमाचा व्यापार सोडून ते सायकलीच्या व्यवसायात आले, १८८७ साली त्यांनी सायकलीचे मासिक सुरू केले आणि 'व्हेलोसिओ' ह्या टोपणनावाने ते लिहू लागले. सायकलवरून पर्यटन ही कल्पना फ्रान्समध्ये रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या सुरुवातीच्या एका सायकलीला पुढे दोन दातेरी चक्रे होती आणि चेन हाताने उचलून एकीवरून दुसरीवर ठेवावी लागे. पुढे त्यांनी सायकलच्या डाव्या बाजूलाही अशीच जोडी बसवली. दोन चेन आणि चार गिअर! हे पाहून लोक हसले असतील, पण घाट चढताना व्हेलोसिओ सायकलवर बसलेले असत आणि हसणारे सायकल ढकलत असत.

शर्यतींच्या जगात मात्र गिअरला कडवा विरोध झाला. १९०३ साली 'टूर द फ्रान्स' सुरू करणारे आंरी देग्रांज ह्यांना गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय वाटे. खरी शर्यत स्नायूंची असावी असे त्यांचे मत होते. त्यामुळे त्या प्रसिद्ध शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर स्पर्धकांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चक्र असे. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा निघायचे. खेळाच्या नियमांनी तंत्रज्ञानाला रोखून धरल्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

दरम्यान इंग्लंडने वेगळी वाट धरली होती. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मागच्या चाकाच्या तुंब्यातच बसणारा तीन गिअरचा संच काढला. जुन्या रॅले सायकली पाहिलेल्या वाचकांना तो आठवत असेल. सगळी दातेरी चक्रे एका बंद डबीत असल्यामुळे काय कशाला जुळते हा प्रश्न जवळपास नव्हताच. पण त्याच्या सर्वांत प्रसिद्ध नमुन्यात खालचा गिअर मधल्याच्या तीन चतुर्थांश आणि वरचा मधल्याच्या चार तृतीयांश असे. सामान लादून आल्प्स चढायला एवढा पल्ला पुरत नाही. प्रवासी सायकलीसाठी डिरेलरच उरला.

सरोद आणि हार्मोनियम

फ्रान्समध्ये दिजाँ येथील ल्युसिआँ जुई ह्यांचा सिंप्लेक्स डिरेलर १९२८ साली आला. इटलीत टुलिओ कांपान्योलो ह्यांनी १९३३ मध्ये विचेंझा येथे कारखाना काढला आणि १९५०च्या सुमारास त्यांचा 'ग्रान स्पोर्त' हा डिरेलर बाजारात आला. आज आपण जे पाहतो त्याचे मूळ रूप ह्यात आहे. चेनला ढकलणाऱ्या दोन लहान कप्प्या एका पिंजऱ्यात बसवलेल्या असतात आणि तो पिंजरा एका समांतरभुज चौकोनाच्या बाजूला जोडलेला असतो. चौकोनाची एक बाजू सायकलला पक्की. केबल ओढली की चौकोन कलतो, पण समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात. म्हणून पिंजरा तिरका न होता सरळ आडवा सरकतो. समांतरभुज चौकोनाचा गुणधर्म शिकवताना चार पट्ट्या आणि चार स्क्रू घेऊन हे सहज दाखवता येते.

ह्या काळातला हँडलजवळचा खटका म्हणजे खरे तर खटका नव्हताच. ती एक दांडी होती आणि ती जिथे ठेवाल तिथे घर्षणाने राहत असे. किती ओढायची हे स्वाराने ठरवायचे. चेन कुरकुरली तर जरा पुढे, खडखडली तर जरा मागे. सरोदाला पडदे नसतात, बोट सरकवत कानाने स्वर शोधावा लागतो, तसाच हा प्रकार. कान तयार व्हायला काही आठवडे लागत. पण ह्याचा एक मोठा फायदा होता. दोन चक्रांमधले अंतर साडेपाच मिलिमीटर असो की पाच, दांडीचा ढोल लहान असो की मोठा, डिरेलर जपानचा असो की इटलीचा, हात आणि कान मिळून सगळे जुळवून घेत. पॅरिसजवळचे आलेक्स सिंगर किंवा रने एर्स ह्यांच्यासारखे कारागीर प्रवासी सायकली हाताने बांधत. ते वेगवेगळ्या कारखान्यांचे भाग निवडून एका सायकलीत बसवत आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे.

तो काळ सुवर्णयुग होता असे मात्र समजू नये. पेडलच्या आसाचे आटे इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन सायकलींत तीन वेगवेगळ्या मापांचे होते आणि एकाचे भाग दुसऱ्यात शिरतच नसत. जुळत होते ते फक्त गिअर, आणि तेही माणूस मध्ये उभा होता म्हणून.

१९६४ साली जपानमध्ये ओसाकाच्या माएदा कंपनीने, म्हणजेच 'सनटूर'ने, एक छोटासा पण दूरगामी बदल केला. नोबुओ ओझाकी ह्या अभियंत्याने तो समांतरभुज चौकोन तिरका बसवला. मागची चक्रे लहानापासून मोठ्यापर्यंत उतरंडीसारखी रचलेली असतात. जुना पिंजरा सरळ आडवा जाई, त्यामुळे लहान चक्राखाली त्याच्यात आणि चक्रात बरेच अंतर राही आणि मोठ्या चक्राखाली तो जवळजवळ टेके. तिरका चौकोन त्या उतरणीला समांतर चालतो, म्हणून कप्पी आणि चक्र ह्यांतले अंतर सगळीकडे जवळपास सारखे राहते. चेनचा सुटा तुकडा आखूड राहिला की कप्पी सरकल्याबरोबर चेनही सरकते. तुकडा लांब असला तर ती आधी नुसती वाकते आणि मग उशिराने उडी मारते. मागे मोठमोठी चक्रे लावणाऱ्या प्रवाशांना ह्याचा सर्वाधिक लाभ झाला. स्वस्तातला सनटूर महागड्या इटालियन डिरेलरपेक्षा चांगला चालतो, हे जाणकार सायकलस्वार उघड बोलत असत.

सनटूरचे पेटंट १९८४ मध्ये संपले. त्याच वर्षी जपानमधल्याच साकाई गावच्या शिमानो कंपनीने आपल्या सर्वांत महागड्या 'ड्युरा-एस' मालिकेत नवा संच आणला. त्यात तिरका चौकोन होता आणि दांडीला ठरावीक टप्पे होते. एक टिक म्हणजे बरोबर एक चक्र. टप्प्यांची कल्पना नवी नव्हती. स्वतः शिमानोनेच सत्तरच्या दशकात ती करून पाहिली होती. पण ह्या वेळी दांडी, केबल, केबलचे आवरण, डिरेलर, मागची चक्रे आणि चेन ह्या साऱ्यांचा विचार एकत्र केला होता. सरोदाची हार्मोनियम झाली. पट्टी दाबली की स्वर लागलाच पाहिजे, कान तयार असो वा नसो. लाखो लोकांना गिअरची सायकल चालवता येऊ लागली ती ह्यामुळे, हे मान्यच करायला हवे. पण हार्मोनियमची पट्टी एका पेटीतून काढून दुसऱ्या पेटीत बसवता येत नाही.

तीन आकडे

न जुळण्याचे कारण आता सांगता येईल. दांडीच्या आत एक लहान ढोल असतो आणि त्यावर केबल गुंडाळली जाते. एका टिकेला ढोल ठरावीक कोनातून फिरतो, आणि त्रिज्या गुणिले कोन एवढी केबल ओढली जाते. हा पहिला आकडा. डिरेलर ही एक तरफ आहे. एक मिलिमीटर केबल ओढल्यावर कप्पी किती मिलिमीटर सरकते, हे तिचे गुणोत्तर, म्हणजे दुसरा आकडा. शेजारशेजारच्या चक्रांच्या मध्यांतले अंतर हा तिसरा. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसऱ्याइतका आला तर गिअर जुळले, नाही तर नाही. सगळे रहस्य एवढेच आहे.

शिमानोच्या नेहमीच्या डिरेलरांचे गुणोत्तर बराच काळ सुमारे १.७ होते. मागे आठ चक्रे असलेल्या संचात एका टिकेला सुमारे २.८ मिलिमीटर केबल ओढली जाते. गुणाकार ४.७६, आणि चक्रांमधले अंतर ४.८. नऊ चक्रांत केबल २.५, गुणाकार ४.२५, अंतर ४.३५. थोडासा फरक पडतो तो वरच्या कप्पीला बाजूंना दिलेल्या किंचित ढिलाईत सामावतो. अंतर कमी का होत गेले, हेही पाहण्यासारखे आहे. आठ चक्रांमध्ये सात अंतरे, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या चक्रापर्यंत ३३.६ मिलिमीटर. नऊ चक्रांत आठ अंतरांचे ३४.८. जागा जवळपास तेवढीच, फक्त तिचे तुकडे अधिक. तुकडे लहान झाले तशी चेनही बाहेरून अरुंद करावी लागली. आठच्या चेनची रुंदी सुमारे ७.१ मिलिमीटर, दहाच्या चेनची सहाच्या आसपास. कडीपासून कडीचे अंतर मात्र बदललेले नाही. ते अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, आपल्या काळ्या सायकलीत आहे तेवढेच.

आता मुद्दाम चूक करून पाहू. आठची दांडी आणि नऊची चक्रे. प्रत्येक टिकेला सुमारे ०.४५ मिलिमीटर जास्त सरकणार. मधल्या चक्रावर नीट जुळवून ठेवले तर शेजारी फारसे कळणार नाही, पण चार टिकांनंतर चूक १.८ मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ एका चक्राच्या जाडीइतकी. म्हणून मधले गिअर ठीक आणि टोकाचे खडखडणारे, असा अनुभव येतो आणि लोक उगाच केबल घट्ट करत बसतात. चूक साचत जाते हे कळले की केबलला दोष देण्याचे कारण उरत नाही.

अमेरिकेतील स्रॅम कंपनीने नव्वदच्या दशकात उलट मार्ग निवडला. केबल जास्त ओढायची आणि डिरेलरचे गुणोत्तर १.१ च्या आसपास ठेवायचे. त्यात तथ्य आहे. चिखलाने किंवा गंजाने केबल ०.२ मिलिमीटर अडकली तर १.७ गुणोत्तरात कप्पी ०.३४ मिलिमीटर चुकते, १.१ मध्ये ०.२२ च. पण शिमानोची नऊची दांडी ह्या डिरेलरला जोडली तर एका टिकेला २.७५ मिलिमीटरच सरकणार आणि चेन दोन चक्रांच्या मध्येच राहणार. इथे कितीही जुळवाजुळव केली तरी उपयोग नाही. दोन वेगळ्या त्रिज्यांची एक छोटी कप्पी केबलच्या वाटेत बसवून हा फरक भरून काढता येतो. चाक आणि आस ह्या साध्या यंत्राचा हा छान उपयोग आहे, पण तो जोडउपायच.

ह्या आकड्यांमागे केवळ अभियांत्रिकी नव्हती. सगळे भाग एकमेकांत गुंतले की एक भाग विकणारा सगळा संच विकू शकतो. शिमानो पूर्ण संच घेणाऱ्या सायकल कारखान्यांना सवलत देते आणि त्यामुळे बाकीच्यांना बाजारात शिरता येत नाही, अशी तक्रार घेऊन स्रॅम १९९० मध्ये न्यायालयात गेली. तो वाद न्यायालयाबाहेर मिटला. सनटूरला ह्या नव्या खेळात जुळवून घेता आले नाही. ज्या कंपनीच्या तिरक्या चौकोनावाचून टप्प्याटप्प्याचा गिअर नीट चाललाच नसता, ती नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत गिअरच्या व्यवसायातून बाहेर फेकली गेली होती. ह्या साऱ्या इतिहासात आम्हाला सर्वांत चटका लावणारा भाग हा आहे.

एकाच कंपनीचे भाग घेतले की प्रश्न मिटला, असेही नाही. १९८४ च्या त्या ड्युरा-एस मालिकेचे गुणोत्तर शिमानोच्याच इतर मालिकांपेक्षा वेगळे होते आणि ते १९९६ पर्यंत तसेच राहिले. ड्युरा-एसची दांडी आणि त्याच कंपनीचा दुसरा डिरेलर, तरी गिअर चुकत.

प्रवासी काय निवडतो?

लांबच्या प्रवाशाची मागणी विचित्र असते. त्याला हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हवे असते, कारण दिवसभर हात ठेवायला वेगवेगळ्या जागा मिळतात. म्हणून दांड्या शर्यतीच्या मालिकेतल्या. पण घाट चढायला चक्रे हवीत डोंगरी सायकलीची, म्हणून डिरेलर डोंगरी मालिकेतला. समजा पुढे ४८, ३६ आणि २६ दात्यांची तीन चक्रे आणि मागे ११ ते ३४ दात्यांची नऊ. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात १.६ मीटर, सर्वांत जड गिअरमध्ये ९.२ मीटर. वर घेतलेल्या त्याच घाटात मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी पावणेसहा किलोमीटर आणि चढासाठी लागणारी शक्ती सुमारे ९४ वॉट. सामानासह बसूनच घाट चढता येतो. पुढची तीन आणि मागची नऊ मिळून सत्तावीस गिअर असे जाहिरातीत म्हणतात. त्यांतले कितीतरी एकमेकांच्या जवळपास सारखे असतात, हे विद्यार्थ्यांना भागाकार करून पाहू द्यावे.

इथे आणखी एक आकडा येतो. चेन मोठ्यावरून लहान चक्रांवर गेली की ढिली पडते आणि ती ढिलाई कप्प्यांच्या पिंजऱ्याने ओढून धरायची असते. पुढचा फरक ४८ उणे २६, म्हणजे २२. मागचा ३४ उणे ११, म्हणजे २३. बेरीज ४५ दाते. लांब पिंजऱ्याचा डोंगरी डिरेलर एवढी ढिलाई घेतो, शर्यतीचा आखूड पिंजरा घेत नाही.

नऊ चक्रांच्या काळात हा मिश्र संसार सुखाने चालला, कारण शिमानोच्या शर्यतीच्या आणि डोंगरी डिरेलरांचे गुणोत्तर एकच होते. शर्यतीच्या मालिकेत दहा चक्रे आली तेव्हा केबलची ओढ २.३ मिलिमीटर झाली. १.७ ने गुणून ३.९१, चक्रांचे अंतर ३.९५. म्हणजे दहाची दांडी आणि नऊच्या काळातला डोंगरी डिरेलर ही जोडी उत्तम जमते. मग २०१० मध्ये डोंगरी मालिकेतही दहा चक्रे आली आणि तिचे गुणोत्तर १.२ च्या जवळ आणले गेले, केबलची ओढ सुमारे ३.४ मिलिमीटर. कारण वर सांगितलेलेच, चिखलातली चूक कमी व्हावी. कारण योग्य, पण परिणाम असा की दोन्ही डब्यांवर 'दहा' लिहिलेले, दोन्हींवर कंपनी एकच, चक्रांमधले अंतरही तेच, आणि तरी दहाची शर्यतीची दांडी दहाच्या डोंगरी डिरेलरला चालत नाही. २.३ गुणिले १.२ म्हणजे २.८. ज्याला हा गुणाकार माहीत नाही त्याचे पैसे वाया जातात.

म्हणून अनुभवी प्रवासी अजूनही एक जुनी सोय जपतात. हँडलच्या टोकाला बसणाऱ्या काही दांड्यांना एक चकती असते. ती फिरवली की टप्पे बंद होतात आणि दांडी नुसत्या घर्षणावर चालते. आडगावी मागचे चाक बदलावे लागले, तिथे सात चक्रांचेच मिळाले, तरी हाताने आणि कानाने पुढे जाता येते. ह्याच कारणाने नव्यापेक्षा सात-आठ चक्रांचा जुना संच पसंत करणारेही पुष्कळ आहेत. तालुक्याच्या गावी त्याचे भाग मिळण्याचा संभव अधिक असतो आणि त्याची चेन जाडही असते. ह्याला मागासलेपणा म्हणणाऱ्यांनी भर उन्हात डिरेलर मोडल्यावर काय करायचे त्याचे उत्तर आधी द्यावे. (एक उत्तर आहे. डिरेलर काढून टाकायचा, चेन तोडून आखूड करायची आणि एकाच गिअरवर घर गाठायचे. त्यासाठी चेन तोडायचे हत्यार बरोबर हवे.)

विजेवर चालणारे गिअर फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९२ मध्ये आणले होते, पण ते टिकले नाहीत. शिमानोचे २००९ साली आले ते टिकले आणि २०१५ मध्ये स्रॅमने तारही काढून टाकली. आता कप्पी किती सरकायची हे एका चिपमध्ये लिहिलेले असते. पहिले दोन आकडे व्हर्निअरने मोजता येत होते, ते आता मोजता येत नाहीत. कोणते भाग एकमेकांशी बोलतील हे कंपनी ठरवते.

केबलच्या गिअरमध्ये मात्र २०२३ साली एक उलटी घडामोड झाली. शिमानोने 'क्यूज' नावाची मालिका आणली आणि तिच्यात नऊ, दहा आणि अकरा चक्रांच्या संचांना चक्रांमधले अंतर आणि केबलची ओढ एकच ठेवली. ह्या मालिकेच्या आत दांडी आणि डिरेलर अदलाबदल करून चालतात. जुन्या नऊच्या किंवा दहाच्या मालिकांशी मात्र तिचे माप जुळत नाही. तेव्हा दुकानात गेल्यावर 'नऊ चक्रांचे द्या' एवढे सांगून भागत नाही. कोणत्या मापाची नऊ, हे विचारावे लागते, आणि दुकानदाराला ठाऊक नसेल तर पहिल्यापासून शेवटच्या चक्रापर्यंतचे अंतर मोजून त्याला आठाने भागावे लागते.